चिंधी बांधलेलं सोनफूल

उंच पिवळ्या फुलझाडांतला फरक ओळखणारा माझ्याइतका तयार माणूस अख्ख्या मानवतमध्ये सापडणार नाही. हे ज्ञान मिळवायला मला फक्त सासूबाईंचं झाड शेळीला खाऊ घालावं लागलं.

निजामी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी जंगल खात्याच्या कचेरीत कारकून. उभ्या जिंदगीत एक झाड लावलं नव्हतं, पण झाडांच्या याद्या ढिगानं लिहिल्या होत्या. त्यामुळं झाडांतलं आपल्याला सगळं कळतं, असा पक्का समज! माझ्या बायकोनं, सुमननं, ताडकळसच्या माहेराहून सोनफुलाचं मूळ आणून परसात लावलं होतं. पुरुषभर उंच व्हायचं. तिची आई दर भादव्यात हीच फुलं महालक्ष्म्यांना वाहायची. त्या चैत्रात आई गेली. यंदा आपल्या घरच्या महालक्ष्म्यांना आईची फुलं घालायची, एवढं एकच सुमनच्या मनात होतं.

आणि मी काय करावं? हैदराबादच्या एका दोस्तानं हातीचोकाचे कंद दिले होते, त्याची भाजी करतात म्हणे. ते मी उन्हाळ्यात नेमके सोनफुलाला खेटून लावले. (खूण म्हणून खुंटी ठोकली होती. ती सुमननंच चुलीत घातली, हे इथं मुद्दाम नोंदवतो!) भादव्यात दोन्हींना फुलं आली. उंची तीच, रंग तोच, तोंडवळाही तोच!

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. पंधरा जमल्या होत्या.

"सोळावी माझ्याकडं! ताजे हातीचोक काढून देतो," मी जाहीर केलं.

"कोणतं झाड कोणचं, कळतंय का तुमाला? थांबा, मी दावते."

"खबरदार! जंगल खात्यात आहे मी. माझं मी शोधून काढणार."

"आईच्या झाडाला धक्का लागला तर बघा बरं का!"

झालं, मी इरेला पेटलो. आधी पाकळ्या मोजल्या. एका फुलाला बारा, त्याच झाडाच्या दुसऱ्याला दहा. मग दोन्हींची पानं चावून पाहिली. दोन्ही कडू. तास गेला, अंगाला खाज सुटली, पण मागं हटलो नाही. "आता इचारता का?" सुमन दारातून म्हणाली. मी मान हलवली. जीव गेला तरी विचारणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन बाजाराला गेली आणि मी कुदळ घेऊन परसात गेलो. बघतो तर एका झाडाला लाल चिंधी बांधलेली! माझा ऊर भरून आला. बिचारीनं माझा मान राखून, एक शब्द न बोलता मदत केली होती. आमच्या खात्याची रीतच ती. तोडायच्या झाडावर खूण करायची आणि बिनखुणेचं राखायचं. बायको माझ्या खात्याचं शिकली, म्हणून अभिमानच वाटला. चिंधीवालं झाड मी मुळासकट उपटलं.

खाली कंद नव्हते. नुसता मुळांचा गुंता! "खोल असतील," म्हणून मी गुडघाभर खणलं. मग कंबरभर. एवढ्यात शेजारची भागाबाई शेळी घेऊन कुंपणाशी आली.

"काय मास्तर, हीर पाडायलात का?" (मी मास्तर नव्हतो, पण चष्मा होता.)

"सोळावी भाजी काढायलोय. हा पाला घ्या तुमच्या शेळीला."

शेळीनं फुलांपासूनच सुरुवात केली. तेवढ्यात भागाबाईची नजर चिंधीवर गेली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"आवो, चिंधी बांधलेलं झाड उपटलं का तुमी? बियाला राखलेल्या काकडीला बांधत्यात ती! हात लावू नका म्हणून! येवढं बी ठावं न्हाई?"

भागाबाईनं शेळीच्या तोंडातून ओढून दोन फुलं वाचवली. त्यातलं एक अर्धं होतं.

सुमन आली. तिनं खड्डा बघितला, शेळी बघितली, मग मला बघितलं. भांडेल असं वाटलं होतं. ती मुळांचा गुंता ओटीत घेऊन खाली बसली आणि हमसून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रडू नको गं माय," भागाबाई म्हणाली. "मूळ जित्तं हाय. ह्या देठावरनं नुसतं बोट फिरवा मास्तर. तुळतुळीत. त्या दुसऱ्याचं बघा, कसं खरखरीत! हाय काय त्यात कळायचं?"

मी बोट फिरवलं. खरंच, हाय काय त्यात?

त्या खड्ड्यात मी स्वतः माती ओढली, मूळ पुन्हा लावलं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत एक दिवस पाणी चुकवलं नाही. हातीचोक खणायचं नावही मी पुन्हा काढलं नाही; सोळावी भाजी भागाबाईनं दिली, कुंपणातला तांदुळजा. थोरल्या महालक्ष्मीला अख्खं फूल मिळालं, धाकटीला अर्धं. झाड पुढच्या वर्षी फुटलं, आजही फुलतं.

त्या भादव्यापासून दरवर्षी महालक्ष्म्या बसल्या की सुमन एक लाल चिंधी माझ्या मनगटाला बांधते. ती बियाच्या काकडीच्या रीतीनं बांधते की माझ्या खात्याच्या, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही!