मुद्दाम बिघडवलेला नळ

माझ्या आत्याला गल्लीत चाळणी म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. आमचं दार वाजवणारा प्रत्येक सुतार, रंगारी, वायरमन तिच्यातून चाळून निघायचा, आणि बहुतेकांचा कोंडाच व्हायचा.

तिचं सगळं तारुण्य दिव्यांच्या कारखान्यात गेलं. एका अंधाऱ्या खोलीत बसायचं, समोर आलेला दिवा होल्डरमध्ये लावून बघायचा. पेटला तर डावीकडे, नाही पेटला तर उजवीकडे. जगाला दोनच बाजू असतात अशी तिची जी ठाम समजूत होती, ती तिथलीच. त्या कारखान्यात आणखी एक पद्धत होती. तपासणाऱ्या बायका जाग्या आहेत की डुलक्या घेतायत ते बघायला सुपरवायझर मधूनच तार तुटलेला एक दिवा गुपचूप पेटीत सरकवायचा. आत्याच्या हातून तो दिवा एकदाही डावीकडे गेला नाही.

निवृत्त झाल्यावर तिने ही पद्धत घरी आणली. कुणी कारागीर बोलवायचा झाला की आधी ती स्वतःच काहीतरी बारीकसं बिघडवून ठेवायची. दोष काय, हे तिला ठाऊक. मग त्याला विचारायचं, "बघा बरं, काय झालंय?" एका वायरमनला तिने नुसता सैल केलेला दिवा दाखवला. त्याने भिंतींकडे बघत सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "ताई, अख्खी वायरिंग गेलीये." तो जिन्यावर पोचायच्या आत आत्याने तो दिवा पिळून पेटवला आणि जिन्यावर उजेड पडेल असा दरवाजा उघडा ठेवला.

तिचं लग्न झालं नाही, तेही याच पद्धतीमुळे. भेटायला आलेल्या एका भल्या माणसाला तिने मीठ घातलेला चहा दिला होता. तो पूर्ण कप प्यायला आणि म्हणाला, "छान झालाय." आत्या आत आली आणि म्हणाली, "नापास." घरच्यांनी कपाळावर हात मारला. तिचं एकच उत्तर होतं: "मिठाला जो गोड म्हणतो, तो पुढे कशाकशाला गोड म्हणेल!"

तर अशा या आत्याच्या खोलीत, पलंगामागच्या भिंतीवर, ओल उमटली. आधी तळहाताएवढी. मग ती पसरत गेली, जिथे कुणीच राहत नाही अशा एखाद्या देशाच्या नकाशासारखी. भिंतीच्या आत कुठेतरी पाइप गळत होता. आत्या झोपायच्या आधी त्या ओलीवर हात ठेवून बघायची, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"वन्सं, आता तरी कुणाला तरी बोलवा," आई म्हणायची. "कपाटाला बुरशी लागेल."

"बोलवीन. पण भिंत आहे ती. एकदा फोडली की फोडली. भलत्याच्या हातात छिन्नी दिली तर तो पाइप शोधत शोधत शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात निघेल."

शेवटी एका प्लंबरचं नाव कळलं. आत्याने आधी त्याच्या तीन-चार जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. मग भाजी आणायच्या निमित्ताने त्याचं दुकान बघून आली. दुकान खरं होतं, पाटी खरी होती, आत पाइप नीट लावलेले होते. शेजारच्या दुकानात हेही कळलं की त्याची बायको वारून बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दूर होती.

"वन्सं," आई म्हणाली, "पाइपाचा आणि बायकोचा काय संबंध?"

"मागे-पुढे कोण आहे ते कळलेलं बरं. काम अर्धवट टाकून पळाला तर शोधायचा कुठे?"

प्लंबर आला. उंच, जरा वाकलेला, आयुष्यभर बेसिनच्या खाली बघितल्यामुळे असेल. आत्याने त्याचं ओळखपत्र मागितलं, फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला.

"फोटोत केस जास्त आहेत."

"तेव्हा होते," तो म्हणाला.

आत्याने बेसिनखालचा कॉक आधीच बंद करून ठेवला होता. "पाणीच येत नाही हो नळाला." तो खाली वाकला, हात घातला, कॉक फिरवला. नळ खळखळून वाहायला लागला. "काही झालेलं नाही ताई. कॉक बंद होता." आणि पाना पिशवीत टाकून निघाला. कॉक फिरवायचे पैसे घ्यायलाही तयार होईना.

"झालं!" आई म्हणाली. "पास झाला. द्या आता भिंत."

आत्या दाराकडे बघत होती. "एका दिव्यावरून पेटी पास करत नाहीत," ती म्हणाली.

मग सुरू झालं. आज फ्लशचं पाणी थांबत नाही, परवा वॉशिंग मशीनची नळी निसटली, मग शॉवरमधून एकाच बाजूने पाणी. दर वेळी तो यायचा, दोष ओळखायचा, हसायचा आणि जायचा. आत्या इतक्या सफाईने बिघडवायला लागली होती की ती शिकवणी घेऊ शकली असती. ती गुणगुणायला लागली. केस रंगवले, आणि विचारलं तर म्हणाली, "पांढऱ्या केसांची बाई बघून लोक फसवतात." चष्म्याची दोरी काढून टाकली. बाबा म्हणाले, "ताईची तब्येत सुधारलीये, ओलीची हवा मानवली बहुतेक."

भिंतीवरचा देश इकडे कपाटापर्यंत पोचला होता.

एका संध्याकाळी आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुझ्या लक्षात आलं का?"

"काय?"

"तो ताई म्हणायचा बंद झालाय. मला वहिनी म्हणतो, तुझ्या बाबांना साहेब म्हणतो. वन्संना काहीच म्हणत नाही. नुसतं 'अहो'."

आम्ही दोघी ओट्याला टेकून इतक्या हसलो की दूध उतू गेलं.

घोळ घातला तो बाबांनी. बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, मदतीच्या बाबतीत अतिशय धोकादायक माणूस. त्या दिवशी आत्याने स्वयंपाकघरातल्या नळाचं वॉशर सैल करून ठेवलं आणि प्लंबरला फोन केला. बाबांना नळ ठिबकताना दिसला. त्यांनी पक्कड आणली, नळ घट्ट केला आणि कुणालाही न सांगता पेपर वाचत बसले.

प्लंबर आला. आत्याने ऐटीत नळ दाखवला. "ठिबकतोय सारखा."

त्याने नळ उघडला. बंद केला. वाट बघितली. थेंब नाही. परत उघडला, परत बंद केला. बोट लावून बघितलं. आत्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, नळाकडे नाही; म्हणून तिला काही कळलं नाही.

मग तो नळाकडे बघतच म्हणाला, "आतून गेलाय. पार्ट आणावा लागेल. उद्या परत यावं लागेल."

"कुठला पार्ट?" आत्याने विचारलं.

"आतला."

पेपरामागून बाबांचा आवाज आला, "अहो, कसला पार्ट? मी घट्ट केला की दुपारीच! आता एक थेंब गळत नाही."

आत्याने नळाकडे पाहिलं. तो कोरडाठाक होता. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावरचा उजेड गेला, अगदी तार तुटावी तसा.

"म्हणजे नळ चांगला आहे," ती म्हणाली.

"आहे."

"आणि तुम्ही म्हणालात, पार्ट आणावा लागेल."

"म्हणालो."

"खोटं बोललात."

"बोललो." त्याने पाना ओट्यावर ठेवला. "नळ चांगला आहे म्हटलं असतं, तर उद्या काय सांगून आलो असतो?"

बाबांचा पेपर हळूहळू खाली आला.

"आणि अहो," तो म्हणाला, "कॉक आपोआप बंद होत नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. खोटे बिघाड तुम्हीही केलेत. मी तर आज पहिल्यांदा केला, आणि तोही जमला नाही."

आईने तोंडावर पदर धरला. आत्या लाल झाली, मग पांढरी, मग पुन्हा लाल. "बाहेर बसा," ती म्हणाली. "चहा ठेवते."

मी स्वयंपाकघरातच तिच्याजवळ थांबले, आणि जे वाटलं तेच झालं. कप भरले, आणि एका कपात तिने मिठाच्या बरणीतला चमचा रिकामा केला.

"आत्या, नको ना गं," मी म्हणाले.

"शेवटचं," ती म्हणाली. "याच्यापुढे तपासायला माझ्याकडे काही उरलेलं नाही."

ट्रे बाहेर गेला. मिठाचा कप तिने प्लंबरच्या बाजूला फिरवून धरला होता. पण बाबांना चहा दिसला की ट्रेची दिशा कधीच कळत नाही. त्यांनी हात लांब करून तोच कप उचलला. प्लंबरने दुसरा घेतला. आत्या तेवढ्यात खुर्ची ओढायला वळली होती. मी आणि आईने ते बघितलं आणि एकमेकींचे हात घट्ट धरले.

प्लंबरने घोट घेतला. "छान झालाय," तो म्हणाला.

आत्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. आयुष्यात दोनदा तेच वाक्य, आणि तेही मिठाच्या चहावर.

बाबा मात्र गाल फुगवून बसले होते. बहिणीने केलेल्या कशालाही वाईट म्हणायचं नाही हा त्यांचा जन्माचा नियम. त्यांनी तो घोट गिळला. डोळ्यांतून पाणी आलं. "छा..." ते म्हणाले, "छान..." आणि उठून धावत बेसिनकडे गेले. "ताई! अगं समुद्र आहे का हा?"

आत्याने त्यांच्या कपाकडे पाहिलं. मग प्लंबरच्या कपाकडे. त्याच्या हातातून कप काढून घेतला आणि स्वतः एक घोट घेतला. गोड होता. खरंच छान झाला होता.

आधी आई हसली, मग मी. बाबा चूळ भरताना हसले आणि त्यांना ठसका लागला. प्लंबरला काहीच कळलं नव्हतं, तरी तोही हसायला लागला. आत्या सगळ्यांत शेवटी हसली, पण एकदा लागली ती थांबेना. खुर्चीत बसली, डोळे पुसले, पुन्हा हसली.

"या घरात काही धड तपासता येत नाही," ती म्हणाली. "आता कसं कळायचं मला?"

"वहिनी म्हणतात ती ओली भिंत फोडून बघा," तो म्हणाला. "मी काही न बघताच सांगतो, आत गळतंय."

आत्या उठली. त्याला आपल्या खोलीत घेऊन गेली. आम्ही सगळे मिळून पलंग सरकवला. त्या ओल्या नकाशासमोर ती क्षणभर उभी राहिली, मग बाजूला झाली.

"फोडा."

छिन्नी बसली. गिलावा ढासळला, विटेचा लाल भुगा आत्याच्या रंगवलेल्या केसांवर उडाला. पाइप सापडला. त्याने गंज खरवडला आणि आतून पाण्याची बारीक धार सुटली, थेट आत्याच्या तोंडावर. त्याने अंगठ्याने भोक दाबलं. पाणी बोटांच्या फटीतून सगळीकडे उडालं.

"अहो, मेन कॉक! मेन कॉक बंद करा!"

घरातला प्रत्येक कॉक आत्याला डोळे मिटून सापडायचा. महिनोन्‌महिने तिने दुसरं काही केलंच नव्हतं. पण ती तिथेच उभी होती, नखशिखान्त भिजलेली, चष्म्यावरून पाणी ओघळत असलेली.

"वन्सं, कॉक!" आई ओरडली.

"थांब गं," आत्या म्हणाली. "जरा वाहू दे."