घरातून आलेली हाक

माझ्या डाव्या खांद्यावर अस्वलाच्या नखांचे वण आहेत. तरुणपणी मोहफुलं वेचायला जंगलात गेलो होतो. खाली मान घालून वेचत होतो अन् ते अंगावर आलं. मांस लोंबकळलं. बायको सोबत होती, तिनं त्याला तोंडावर हाणून पळवलं, नाहीतर मी तिथंच फाटलो असतो. पण त्या अस्वलाचा मला राग नाही. ते गुरगुरत आलं. त्यालाही मोहफुलंच पाहिजे होती.

दुसरं अस्वल पोरानं मागच्या दिवाळीत गोंदियाहून आणलं, नातिणीसाठी. कापसाचं, पोटात यंत्र. इंटरनेटवर चालायचं. पोरगी बोलली की हिंदीत जवाब द्यायचं. घरचं कोणी मोबाइलवरून त्याला जोडलं, की त्या माणसाचा आवाज अस्वलाच्या पोटातून निघायचा.

बुढीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, अन् त्याचं रोज भांडण. ते म्हणे, "मुझे कहानी सुनाओ." बुढी म्हणे, "कहानी पायजे? आधी आंगनात सडा टाकून दे, आयतखाऊ." मग सांगायचीच. "तुझ्या भावानं माझ्या बुढ्याले फाडलं होतं. म्या त्याले कुऱ्हाडीनं हाणलं. तुलेही हाणीन." अन् हसायची. कुऱ्हाड तेव्हा नव्हतीच आमच्याजवळ. पण ती गोष्ट रंगवून सांगायची.

थंडीत ती गेली. पोट दुखते म्हणून दवाखान्यात नेली अन् चादरीत गुंडाळून आणली. तेव्हापासून पोरगी दिवसभर अस्वलाला चिकटून. मी कोणाशी बोलत नव्हतो, मग तिनं तरी कोणाशी बोलावं?

चैतातली दुपार. पोरगा कामावर, सून उन्हाळी धानाच्या बांधीत. मी छपरीत पडलो होतो, डोळे मिटून, पण जागा. आतून बाप्याचा आवाज आला. पोरीला घरच्या लाडक्या नावानं हाक मारली. ती म्हणाली, "ओ."

"घरी कोन हाये?"

"आबाजी. झोपून राहिले."

"आई?"

"बांधीत."

"मागच्या दाराची कडी तुले निघते का?"

"पाटावर उभी राहिली का निघते."

"मग हळूच काढ अन् बोडीकडे ये. चाकलेट हाये. आबाजीले उठवू नोको."

पाट ओढल्याचा आवाज आला. मी आत धावलो तर पोरीचा हात कडीवर. दंड धरून अशी ओढली की ती खाली आदळली, ओठ फुटला. तिला आत ठेवून बाहेरून कडी लावली अन् कुऱ्हाड घेऊन बोडीकडे, घरामागच्या तळ्याकडे, पळालो. तिथं माणूस दिसला असता तर मी त्याला कापला असता. हे मी लपवत नाही. मानेवर घालायची हेही ठरलं होतं. बोडीच्या पाळीवर कोणी नव्हतं. पाण्यात म्हशी, अन् रस्त्यावर फटफटीची धूळ अजून खाली बसत होती. हात थांबेनात. पळसाच्या बुंध्यात कुऱ्हाड घातली, उपसली, पुन्हा घातली.

घरी आलो तर ते पोटातून म्हणते, "चलो, खेलते हैं!" आपल्याच बोलीवर आलं होतं पुन्हा. त्याला लाकडं फोडायच्या ओंडक्यावर ठेवलं अन् घाव घातले. पहिल्या घावात मुंडकं, मग पोट. कापूस उडाला, तारा निघाल्या. पोरगी किंचाळत होती, जसं खरंच रक्त निघून राहिलं.

"काऊन ओ दिली?" मी ओरडलो. "आजीनं काय शिकवलं होतं?"

आमच्याकडे बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. भूत एकदाच हाक मारते, माणूस पुन्हा मारतो. बुढीनं पोरीला हे पक्कं शिकवलं होतं.

फुटलेल्या ओठानं पोरगी म्हणाली, "हाक बाहेरून नाई आली न, आबाजी. घरातूनच आली."

मी तिच्या ओठावर हळद दाबली.

सांजच्याला पोरगा आला. कापूस पाहून म्हणाला, "बाबा, एवढं महागाचं खेळणं..." कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याच्या मांडीवर हाणलं. तो बसलाच खाली. सगळं ऐकलं. मग बोलला. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, त्या वेळी गावाचा एक ग्रुप केला होता फोनवर. अस्वलाला जोडायचा नंबर यानं त्या ग्रुपवर टाकला. आत्या, मामा, सगळ्यांनी पोरीशी बोलावं म्हणून. त्या ग्रुपात नाटकवाले, मांडववाले, पाळणेवाले, त्यांचे दोस्त.

"आपलेच लोक होते न, बाबा."

आमच्या गावात दिवसा दाराला कुलूप कोणी लावत नाही. पोरगी एकाची नसते, गावाची असते. तीच रीत या गाढवानं यंत्राला लावली. मी पुन्हा दांडा उचलला. सुनेनं तो वरच्यावर धरला.

"मामाजी, याले मारून का होते? खेळणं फुटलं, पन पोरीचं बोलनं फुटलं नाई. ते सगळं तिकडं कंपनीत जमा हाये."

तिनं फोन दाखवला. आई किती वाजता जाते, पोरगी कुठं झोपते, कायले भेते, सगळं तिच्याच आवाजात. पुसता येत होतं, पण एकदमच, सगळं.

"त्यात आईचाही आवाज हाये," पोरगा म्हणाला अन् त्यानं तो लावला. 'तुझ्या भावानं माझ्या बुढ्याले फाडलं होतं...' मग तिचं हसणं. थंडीपासून तो आवाज मी ऐकला नव्हता. मी भिंतीवर कपाळ आपटलं. एकदा नाही. पोरानं मागून कवळ घातली तेव्हा माझ्या डोळ्यात रक्त उतरलं होतं.

सून म्हणाली, "मामाजी, मी माझ्या फोनात भरून घेतो तेवढं."

"तुझ्या फोनातून ते कुठं जाते, तुले मालूम हाये?"

तिनं फोन खाली केला.

"बुढी मेली हाये. तिले कोनाच्या मशिनीत बसवू नोको. पूस."

पोराचं बोट हलेना. त्याचा हात मी धरला अन् दाबलं.

ठाण्यात सांगितलं, ग्रुप बंद केला. तो कोण होता ते अजून समजलं नाही. मंडईत माझ्या हातचं पाणी पिऊन गेला असेल. कुऱ्हाड दारामागे ठेवली आहे, धार लावून.

आता आमचं दार दिवसाही लावलेलं असतं. बांधीतून येऊन मी हाक मारतो. पोरगी गप्प. दुसरी मारतो, तेव्हा आतून म्हणते, "कोन?"

"तुझा आजा."

"आजीनं अस्वलाले कायनं हाणलं होतं?"

कुऱ्हाड म्हणेल त्याला ती दार उघडत नाही, ते त्या यंत्रानंही ऐकलं होतं. खरं काय ते मी दाराच्या फटीशी तोंड नेऊन सांगतो, मग आत पाट सरकतो अन् कडी निघते. ते कायनं होतं, ते मी इथंही लिहीत नाही.