उसनी घंटा

लोणावळ्याच्या बाजारात एका चाळीत आमचं भाड्याचं गुडदाणीचं, म्हणजे चिक्कीचं, दुकान होतं. धंदा वाढला तशी माझ्या यजमानांनी मागे मोठी भट्टी घातली आणि वर लाकडी माळा काढला. मालकाने चाळीचा विमा उतरवला होता. विमावाल्यांची अट अशी, की जो भाडेकरू जागेत बदल करील त्याने आगीची वर्दी द्यायला पितळी घंटा टांगायची. खर्च भाडेकरूचा, मालक नामानिराळा.

चाळीतल्या सातही दुकानांनी काही ना काही बदल केले होते, पण घंटा घेतली ती आम्ही एकट्यांनी. बाकीचे आमचीच नेत, लग्नाला पातेली न्यावीत तशी. विम्याचा साहेब पुढून एकेक दुकान बघत यायचा आणि घंटा मागच्या बोळातून त्याच्या आधी पोचायची. तिच्या कडेला पोचा होता. साहेबाला तो दर दुकानात दिसत असणार, पण डोळ्यांवर कातडं ओढायला त्याचं काय जात होतं? आम्ही हसायचो. मी तर सगळ्यांत जास्त.

त्या श्रावणात शेजारची शिंपीणबाई आली. त्यांनीही नवा माळा काढला होता. "ताई, घंटा द्या की. सायेब गेला की लगीच आनून देते."

माझ्या विधवा नणंदबाई माळ्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या वरून म्हणाल्या, "देऊ नकोस गं, भट्टी पेटलीय."

"शेजारधर्म आहे, वन्सं," मी म्हटलं आणि दिली.

पावसाने साहेबाची गाडी खोळंबली. दुपारी पाक उतू गेला, भट्टीजवळची गोणपाटं पेटली आणि जिन्याने पेट घेतला. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की माझ्या हाका मलाच ऐकू येईनात. रिकाम्या हुकाखाली उभी राहून मी ओरडत होते. वन्संना कळलं तेव्हा जिना उरला नव्हता.

तेरावं झाल्यावर शिंपीणबाईने घंटा परत आणली, चिंचेने लख्ख घासून. रडली बिचारी. मला तिचा राग आला नाही. माझा आला, तो अजून गेलेला नाही.

माळा पुन्हा बांधला, घंटा पुन्हा टांगली. वर्षभराने कोपऱ्यावरचा न्हावी मान खाली घालून दारात उभा राहिला. "वहिनी, उद्या सायेब येतोय." नाही म्हटलं असतं तर मालकाने त्याला बाहेर काढलं असतं. मी आधी भट्टी विझवली, माळ्यावर कुणी नाही ना ते बघून आले आणि मग घंटा काढून दिली. त्या दिवशी एवढंच तर करायचं होतं.