माझ्या फोनवरचा खलनायक

झाडीपट्टीच्या नाटकात काम करणाऱ्या बाईचा नंबर म्हणजे गावची विहीर. कोणीही यावं, पोहरा टाकावा. वडशाला आमची तालीम चालायची तेव्हा एक माणूस मला दिवसातून वीस-वीस वेळा फोन करायचा. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून. पोस्टरवरचा माझा फोटो आवडला म्हणे! डोकं उठलं होतं माझं.

मग मी शहाणपणा केला. फोन उचलला नाही की आपण भरून ठेवलेला निरोप समोरच्याला ऐकू जातो, अशी सोय फोनमध्ये होती. आमच्या नाटकात खलनायक करणाऱ्याला मी गळ घातली. एरवी मुंगीलाही वाट देणारा माणूस, पण रंगात आला. "पोरगी आता माह्या ताब्यात हाय. पुन्हा फोन केला तं याद राख!" वर त्याचं ते ठेवणीतलं हसू. आम्ही हसून लोळलो. तो नकोसा माणूस मात्र आणखीच चेकाळला.

तालमीत फोन पेटीत ठेवायचा आमचा नियम. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी उघडली तर आईचे चौदा फोन येऊन गेलेले. लावला, तर बंद. आई मूल गावाकडची, तलावातले मासे आठवडी बाजारात विकणारी. त्यापलीकडे एकटी कधी गेली नव्हती. शेजारणीला विचारलं.

"तुही माय सकाळीच वडशाले निंगाली. रडून राह्यली होती. काऊन, का झालं?"

चौदाही वेळा आईला तोच निरोप ऐकू गेला असणार; मी बसस्टँडकडे धावले. आईला पाटी वाचता येत नाही आणि वाटेत गाडी बदलावी लागते. बसस्टँडवर तीन गाड्या रिकाम्या झाल्या, आई नाही. सोबत आलेला खलनायक घाम पुसत होता. स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटत होती मला.

चौथ्या गाडीतून ती उतरली. माझे हात, तोंड चाचपून पाहू लागली.

"बाई, तो आवाज माहा होता जी," खलनायक पुढे होऊन म्हणाला.

आवाज ऐकताच आईनं मला ओढून पाठीशी घातलं. त्यानं हात जोडले. "नाटकातला आवाज होता, बाई. चुकलं आमचं."

"म्हणजे पोरीले कोनं कोंडलं नाई?"

"नाई जी."

आई तिथंच खाली बसली. तिच्या पिशवीत फक्त माझा जुना सलवार-कुडता होता. पोरीच्या अंगावर धड कपडे असतील की नाही, म्हणून आणलेला.