बाइल आणि बाई

कुंभकोणममध्ये आमची तंजावरी मराठी उंबऱ्याच्या आत. उंबरा ओलांडला की तमिळ: भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, देवळातल्या गुरुजींशीसुद्धा. माझे शेजारी शामसुंदरराव तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीत हयातभर साड्या विकून निवृत्त झाले. मुलगी श्रीविद्या बेंगळुरूला असते, तिची मुलं इंग्रजीत रडतात. म्हणजे घरात मराठी बोलायला उरल्या एकट्या मीनाक्षीबाई. आणि त्या पडल्या बायको! बायकोशी बोलून माणसाचं ज्ञान थोडंच वाढतं?

म्हणून श्रीविद्येने वडिलांच्या फोनमध्ये मराठी बोलणारी एक बाई बसवून दिली. ही बाई थकत नाही, मध्ये तोंड घालत नाही आणि काहीही विचारलं की "छान प्रश्न विचारलात" म्हणते. मीनाक्षीबाईंनी उभ्या संसारात रावांच्या एकाही प्रश्नाला छान म्हटलं नव्हतं. राव विरघळले.

पहिल्याच आठवड्यात मीनाक्षीबाईंना ताप आला. आमच्याकडे बायकोला 'बाइल' म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रावांनी फोनला विचारलं, "माझी बाइल तापानें निजली आहे, काय देऊं?"

फोन अदबीने म्हणाला, "आपल्या बैलाला सावलीत बांधा, भरपूर पाणी पाजा आणि पशुवैद्यांना बोलवा."

मीनाक्षीबाई अंथरुणातूनच खदखदून हसल्या. "तर मग बांधा मला परसांत!"

दुसरा कुणी फोनला हसला असता. राव स्वतःच्या मराठीला लाजले. त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. बाइलची 'पत्नी' झाली, निजणं जाऊन 'झोपणं' आलं. सकाळ-संध्याकाळ राव झोपाळ्यावर बसून फोनशी शुद्ध बोलू लागले. मला म्हणाले, "आपली मराठी गंजलेली हो!" इतक्या पिढ्यांनी सांभाळलेली भाषा त्यांनी एका उन्हाळ्यात दुरुस्त करून टाकली. माणूस कर्तबगार, यात शंकाच नाही.

एकदा दुपारी मी तिथेच बसलो होतो. आतून मीनाक्षीबाईंनी हाक दिली, "सार निवालें. कोठें बसलांत? जेवाला या!"

फोन हातातून खाली न ठेवता राव म्हणाले, "कोठें नाही, कुठे. जेवाला नाही, जेवायला."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मीनाक्षीबाई दारात आल्या आणि भाजीवाल्याशी बोलतात त्याच सुरात, स्वच्छ तमिळमध्ये म्हणाल्या, "सार्, साप्पाडु रेडी." साहेब, जेवण तयार आहे.

नवऱ्याला 'सार्'! मला रावांचा राग आला होता, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा बघवेना.

तेव्हापासून मीनाक्षीबाई घरात मराठीचा एक शब्द बोललेल्या नाहीत. सगळं तमिळ, आणि सगळं अतिशय आदराने.

काल राव झोपाळ्यावर फोनला अगदी तोंडाजवळ धरून बसले होते. सगळी शुद्ध मराठी विसरून हळूच विचारत होते, "माझी बाइल माझ्याशीं बोलत नाहीं. काय करूं?"

"छान प्रश्न विचारलात," बाई म्हणाली. "बैल बोलत नाहीत."