तीन किलोची बत्ती, अकरा किलोचं भाडं

रहेमानचाचांच्या दुकानाला पाटी नाही. पुसदच्या जुन्या बाजारात चपलांच्या दोन दुकानांमध्ये एक अरुंद फट आहे. तिथं ते बसतात. छताला गॅसबत्त्या टांगलेल्या असतात. ज्याला काम असतं त्याला ठिकाण माहीत असतं. आता फारसं कोणाला काम नसतं.

मी मराठी घेऊन एम.ए. झालो. नोकरी नाही. तांड्यावरून सकाळच्या ऑटोनं पुसदला येतो, वाचनालयात बसतो आणि अभ्यासाचा वीट आला की चाचांकडे जातो. ते मला मास्तर म्हणतात. मी कुठंच शिकवत नाही, हे त्यांना माहीत आहे.

बाराव्या वर्षापासून ते या कामात आहेत. वडील लग्नाच्या वरातींना गॅसबत्त्या भाड्यानं देत. बत्त्या डोक्यावर घेऊन चालणारी माणसं वेगळी असत. चाचांचं काम मागून चालायचं, आणि एखादी बत्ती मंद झाली की पळत जाऊन पंप मारायचा.

"दोनशे वराती केल्या असतीन," ते सांगतात. "पण नवरदेव कधी पाह्यलाच नाही. मान वर करून काचाच पाह्यत चालो."

मग जनरेटर आले. वरातीत चाचांना कोणी बोलवेना. घरात सत्तावीस बत्त्या पडून होत्या. भंगारवाला तीनदा येऊन गेला. चाचांनी दिल्या नाहीत. पंपाचं चामड्याचं वायसर ते आजही स्वतः कापतात, दोन दिवस तेलात भिजवतात. पेटलेल्या बत्तीचा सूंसूं आवाज ऐकून कचरा कुठं अडकलाय ते सांगतात. दुरुस्त झालेल्या प्रत्येक टाकीच्या बुडाला खिळ्यानं एक उर्दू अक्षर कोरतात. रे. दिसायला लहानसा आकडा, हुकासारखा.

"रहेमानचा र," ते म्हणाले होते. "पुन्हा बिघडली तं कोणापाशी आणायची, हे समजाले पाह्यजे ना."

त्यांना फोनवरच्या लिलावात मी आणलं.

जुन्या दिव्यांचा एक ग्रुप आहे. पुण्या-मुंबईचे, बंगळुरूचे शौकीन लोक त्यात आहेत. विकणारा फोटो टाकतो, शिपिंग किती लागेल ते आधी सांगतो, आणि मग रविवारी संध्याकाळपर्यंत बोली चालते. मी चाचांचं खातं उघडलं. फोटोत ते हातात बत्ती घेऊन हसताहेत. तो फोटो मीच काढला. वर्षभरात त्यांनी बर्नर, पंप, वायसर असं सुटं सामान विकलं. लहान पुड्या. पोस्टानं जात. एकही तक्रार आली नाही. खात्रीचा विक्रेता म्हणून नावापुढं हिरवी खूण लागली. चाचा ती खूण गिऱ्हाइकांना दाखवत.

"हे काय आहे जी?" त्यांच्या बायकोनं, जैबुनबींनी विचारलं होतं.

"इज्जत आहे."

"हिरवी?"

"हो."

"मंग आज भाजीत टाकू का? घरात कोथिंबीर नाही."

या ऑगस्टमध्ये त्यांनी पहिली अख्खी बत्ती विकायला काढली. पितळी टाकी, दोनशे कँडलच्या उजेडाची. दोन वर्षं तिच्यावर काम केलं होतं. मी म्हणालो, "चाचा, बोली एक रुपयापासून ठेवू. लोक तुटून पडतात." मी किराणा दुकानाच्या काट्यावर बत्ती तोलली. पॅकिंग धरून तीन किलो होईल. कुरिअरचा दर फोनवर बघितला. शिपिंग तीनशे वीस, असं लिहून टाकलं.

पुण्याच्या एका सरांनी ती चार हजार सहाशेला घेतली. ग्रुपमध्ये सगळेच एकमेकांना सर म्हणतात. शिपिंगसकट पैसे लगेच आले.

चाचांनी बत्ती भरायला एक अख्खा दिवस घेतला. खोकं टीव्हीच्या दुकानातून आणलं. आत कापूस. आमच्याकडे कापूस कमी नाही. काचेला चारी बाजूंनी वीतभर कापूस, वर, खाली, टाकीभोवती. मला म्हणाले, "दाबू नको. दाबला तं कापूस कापूस राह्यत नाही."

कुरिअरच्या पोरानं खोकं काट्यावर ठेवलं. तीन किलो दोनशे. मग त्यानं टेप काढून लांबी, रुंदी, उंची मोजली आणि कॉम्प्युटरवर बोटं चालवली.

"अकरा किलो. एक हजार ऐंशी."

"काटा तीन म्हणून राह्यला," चाचा म्हणाले.

"काका, साइजचं वजन लागते."

"साइजले वजन असते?"

"मले काय विचारता? सिस्टिमले विचारा."

मी म्हणालो, खोकं परत नेऊ, लहान करू. चाचांनी खोक्यावर हात ठेवला. लहान खोक्यात कापूस कमी बसणार होता. त्यांनी पायजम्याच्या खिशातून पैसे काढले.

"जबान तीनशे वीसची दिली आपण. वरचे मी भरतो. आपला अंदाज चुकला."

इथंच हे संपलं असतं.

बाहेर आल्यावर मला ते सहन झालं नाही. सातशे साठ रुपये म्हणजे त्यांची चार दिवसांची कमाई. त्यांचा फोन माझ्याजवळच होता. मी त्यांच्या नावानं पुण्याच्या सरांना निरोप लिहिला. कुरिअरनं अकरा किलोचं भाडं घेतलं, वरचे पैसे देता आले तर उपकार होतील. नम्र भाषेत. शुद्धलेखन तपासून. चाचांना विचारलं नाही.

उत्तर चार दिवसांनी आलं, आणि ते आम्हाला आलं नाही. ग्रुपवर आलं. फोटोत खोकं सरांच्या घरच्या काट्यावर ठेवलेलं. आकडा स्पष्ट. तीन किलो दोनशे. बाजूला माझ्या निरोपाचा फोटो, अकरा किलोवर लाल गोल. खाली लिहिलं होतं: एक रुपयापासून बोली, आणि कमाई शिपिंगमध्ये. ही पद्धत सर्वांनी ओळखावी.

मग लोक सुरू झाले. असे खूप बघितलेत. एक रुपया पाहिला तेव्हाच शंका आली होती. एकानं विचारलं, आठ किलो कापूस होता का? त्यावर हसणारे चेहरे आले, एकाखाली एक.

मी लिहायला बसलो. पावतीचा फोटो टाकला. कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरून वजन धरतात, हे तीन परिच्छेदांत समजावलं. एका माणसानं उत्तर दिलं: कथा छान आहे. लेखक आहात का?

चाचांना सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं. हातातला पंप खाली ठेवला.

"तू लिवलं?"

"हो. तुम्हाला न विचारता."

"फोन माहा. नाव माहं. मंग मीच लिवलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी आजोबांना हे सांगितलं. हिरासिंग आजोबा. त्यांचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे. आजोबांनी स्वतः दहा वर्षं टेम्पोनं लोकांचा कापूस जिनिंगला नेला. ते हसले, खोकला येईपर्यंत.

"कापसाची गाडी कोण तोलून भाडं घेते रे? गाडी भरली की भाडं लागलं. कापूस जागा खाते. वजन काय खाते?"

मी लहानपणापासून त्या गाड्या बघितल्या. हौद्याबाहेर दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, रस्ता अडवणाऱ्या. चाचांनीही बघितल्या. आम्हा दोघांना सुचलं नाही. मी तीन परिच्छेद लिहिले होते, आणि माझ्या अंगठाबहाद्दर आजोबांनी ते एका ओळीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चाचांना ही ओळ सांगितली. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा उजेड आला.

"मंग झालं की. हे त्यांले समजावून सांगू. ते शिकेल-सवरेल माणूस आहे."

"लिहितो."

"लिवू नको." ते एकदम म्हणाले. "तुहं लिवणं पाह्यलं आपण. समोर जाऊन बोलू."

"पुण्याला?"

"पत्ता खोक्यावर मीच टाकलाता. पाठ आहे."

जैबुनबी म्हणाल्या, "सातशे साठ गेले, आता दोन हजार घालवा. बत्ती देऊन आले, आता स्वतःले पार्सल करा. तुमचं वजन तरी नीट करून घेजा, जी." आणि सहा रोट्या बांधून दिल्या.

चाचांनी कुरिअरची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घातली. सोबत एक जुनी काच घेतली, त्याच बत्तीच्या मापाची. आता तशी मिळत नाही. सरांना भेट म्हणून. बारा तासांच्या प्रवासात ती काच त्यांच्या मांडीवर होती. कापसात गुंडाळलेली.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं नाव विचारलं. चाचांनी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. मग वहीत लिहिलं आणि वर फोन लावला. फोनवरचं आम्हाला ऐकू येत होतं.

"कोण? पुसदहून? इथं? पत्ता कुठून मिळाला त्यांना?"

"सर, पार्सलवर तुमचाच—" मी बोलायला लागलो. वॉचमननं हात आडवा केला.

"म्हणावं, जे असेल ते ग्रुपवर लिहा. मी असा कोणाला भेटत नाही."

चाचांनी वॉचमनला विनंती केली. फक्त दोन मिनिटं. पैसे नको. एकच गोष्ट सांगायची आहे. कापसाची. वॉचमन आमच्या वयाचाच होता, म्हणजे माझ्या. तो खाली बघून म्हणाला, "चाचा, माझी नोकरी जाईल."

"मंग ही काच तं ठेव. त्यांले दे."

"अनोळखी वस्तू ठेवता येत नाही."

आम्ही रस्त्यापलीकडे झाडाखाली अर्धा तास थांबलो. ते कदाचित खाली येतील, असं चाचांना वाटत होतं. तिसऱ्या मजल्यावर पडदा हलला. चाचांनी हात वर केला, सलाम करायला.

त्या क्षणाचा फोटो दुपारी ग्रुपवर आला. आम्ही बस स्टँडवर रोट्या खात होतो. वरून काढलेला. चाचांचा हात उगारलेला दिसतो. खाली मजकूर: विक्रेता आज एका तरुणाला घेऊन माझ्या घरापर्यंत आला. तासभर समोर उभा होता. घरात वृद्ध आई आहे. ग्रुपनं विचार करावा.

ग्रुपनं पाच मिनिटं विचार केला. चाचांचं खातं बंद झालं. 'सावधान' नावाची एक यादी ग्रुपच्या माथ्यावर कायम असते. तिच्यात चाचांचा फोटो गेला. तोच, मी काढलेला. हातात बत्ती घेऊन हसणारा.

मी त्यांना वाचून दाखवलं. लपवायचा धीर झाला नाही.

"मी सलाम केलता," ते म्हणाले.

बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "माणूस भिला, मास्तर. मले माणूस भिला. असं कधी झालं नव्हतं."

आता ते दुकान उघडतात, पण छताच्या बत्त्यांना हात लावत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या, स्टोव्ह, असली कामं करतात. खोक्यांसाठी आणलेला उरलेला कापूस जैबुनबींनी दोन उशांत भरला. ती जुनी काच दुकानातल्या फळीवर आहे. चाचा तिची धूळ पुसत नाहीत.

ग्रुपमध्ये मी माझ्या नंबरवरून अजून आहे. माझ्यावर कोणाची नजर नाही.

दिवाळीत पुण्याच्या सरांनी बत्तीचा फोटो टाकला. गॅलरीत पेटलेली. पांढरा, स्थिर उजेड. काच निर्मळ. दीडशे लोकांनी वाहवा केली. त्यांनी आणखी एक फोटो टाकला, टाकीच्या बुडाचा. आकड्यासारखी एक खूण आहे, कोणी सांगू शकेल का?

ग्रुपमधल्या एका जाणकारानं सांगितलं. ही जर्मन कारागिराची खूण आहे. आधी एकदाच बघितली होती. फार दुर्मिळ. सांभाळून ठेवा. किमान पंधरा हजार.

सरांनी हात जोडले.

मी लिहिलं: ती खूण पुसदच्या रहेमान मिस्त्रींची आहे. पाठवायच्या आधी वर नजर गेली. माथ्यावर यादी, यादीत त्यांचा फोटो. हे वाचून ग्रुपवाले काय म्हणतील, ते मला शब्दन्‌शब्द दिसलं. खूणही बनावट. बत्तीही बनावट. निदान ती बत्ती तरी त्या गॅलरीत मानानं जळत होती. मी लिहिलेलं पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. चाचा स्टोव्हच्या बर्नरमधला कचरा काढत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "ग्रुप पाह्यतं ना अजून?"

"कधी कधी."

"ती पेटवली का त्यांनी?"

"पेटवली. दिवाळीत."

"काच काळी पडली?"

"नाही."

"मंग वायसर बसलं बरोबर." त्यांनी बर्नरमध्ये फुंकर मारली. "बुडाकडची खूण पाह्यली असंन का कोणी?"

बाहेर ऑटोवाला सवयीनं पुसद, पुसद ओरडत होता, पुसदमध्येच.

"नाही, चाचा," मी म्हणालो. "बूड कोण बघतं?"