एक जूनची मीना

मीना शिबिरात नीट जेवत असेल का, ही काळजी मी आठ दिवस सगळ्यांना ऐकवते आहे. खरी काळजी वेगळी आहे आणि ती अजून कोणाला सांगितलेली नाही. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या आशिया चषकासाठी मीना देशाच्या फुटबॉल संघात निवडली जाईल, हीच ती काळजी.

मीना माझी मुलगी नाही. माझी मुलगी हर्षाली. दोघी एकाच शाळेत, एकाच संघात, आणि दोघीही गोलकीपर. मीना पेठ तालुक्यातल्या डोंगरातली. तिची आई भागीबाई दरवर्षी द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला दिंडोरीकडे उतरते आणि काढणी आटोपली की परत जाते. चार वर्षांपूर्वी आश्रमशाळेच्या संघातून मीना नाशिकला खेळायला आली, तेव्हा तिच्या हातात बागेतल्या फवारणीचे रबरी हातमोजे होते. दोन बोटं मोठे, मनगटाला सुतळी बांधलेली. त्या हातमोज्यांनी तिने हर्षालीच्या संघाला एकही गोल करू दिला नाही. शाळेच्या फुटबॉलच्या सरांनी तिला आमच्याच शाळेत आणलं. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत आमच्याकडे, इंदिरानगरला राहील म्हणाले. ती जागा अजून मिळायची आहे.

मीना फार बोलत नाही. पण ती घरात असली की ओट्यावरून निसटलेली वस्तू जमिनीला लागत नाही. एकदा माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. तिने ते भरलेलंच झेललं आणि म्हणाली, "काकू, झाकण ठेवत जा." एवढंच.

शिबिराचा फॉर्म मी भरला. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती १ जून २००९. मला हसू आलं. माझे सासरे, दोन्ही चुलत दीर, सगळे एक जूनचे. पूर्वी पोर शाळेत आणून उभं केलं की गुरुजी त्याच्याकडे बघून वर्ष ठरवायचे आणि जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून तारीख एक जून टाकायचे. डोंगरात, घरीच बाळंतपण झालेल्या पोरांचं अजून तसंच चालतं. हे सगळं माहीत असूनही मी तीच तारीख उतरवली. स्पर्धेचा नियम असा की जन्म १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरचा हवा. तारीख नियमात बसत होती. मी पुढे काही विचारलं नाही.

गेल्या रविवारी मीनाच्या शिबिराचे पेढे घेऊन दिंडोरीला गेले. भागीबाई कातरीने घड तोडून क्रेटमध्ये मांडत होती.

"बाई, आमची मीना टीव्हीवर दिसंल?"

"दिसेल ना."

"हिथंच झाली ती, ह्याच बागंत. छाटणीत. मुकादम म्हनला, भागी, दोन दिस पड. तिसऱ्या दिशी मी कातर धरली."

"छाटणीत? जूनमध्ये ना?"

"जूनात मी हिथं कशाला येऊ? जूनात आमची नागलीची पेरनी. शिकल्याल्या बायांना येवढं बी ठावं नाय!" शेजारच्या ओळीतल्या बायका हसल्या. भागीबाई घड तोडत बोलतच होती. "म्हयनाभराची व्हती, तवा मालकाच्या टीव्हीवर मुंबईचं ते मोठं हाटेल जळत व्हतं. हिला पाजत पाजत बघलं मी."

हॉटेल जळलं ते नोव्हेंबर २००८ मध्ये. परतताना बसमध्ये मी बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत राहिले. नियमापेक्षा जेमतेम दोन महिने जास्त होतात.

वय ठरवायला हाडांची तपासणी करतात, त्यात दोन महिने कळत नाहीत, असं सरच मागे म्हणाले होते. म्हणजे मी गप्प बसले तर कोणाला कळणार नाही. आणि चार वर्षांनी कोणी उकरून काढलं, तर खोटारडी मीना ठरेल. मी नाही, गुरुजीही नाहीत.

मग सांगून का टाकत नाही? कारण मीना बाद झाली तर राखीव यादीत पहिलं नाव हर्षालीचं आहे.

आज जेवताना हर्षाली म्हणाली, "मीनाचं पोट बिघडल्याशिवाय माझा नंबर लागत नाही. आई, तुझी ती तीन दिवसांची उसळ पाठव ना तिला."

"तोंड सांभाळ!" मी ओरडले.

"अगं, गंमत केली. तुला काय झालंय?"

सरांना पाठवायचा मेसेज मी आज तीनदा लिहिला आणि पुसला. दरवेळी तो वाचताना मला त्यात हर्षालीची आई दिसली. मीनाच्या पाठीमागे, तिला न विचारता, तिची जागा काढून घेणारी बाई.

शेजारच्या खोलीत हर्षालीच्या पलंगाजवळ मीनाची गादी गुंडाळून ठेवली आहे. पाणी प्यायला उठले की मी उगाच तिथे डोकावते. आज चार वेळा झालं.

शिबिरात मुलींना फोन सकाळी सहा ते साडेसहा देतात. आत्ता रात्रीचे सव्वातीन वाजलेत. सरांना नाही, आधी मीनाला फोन करायचा. आई काय म्हणाली ते सांगायचं. फॉर्म मी भरला, चूक माझी आहे, सरांशी बोलताना मी तुझ्यासोबत असेन, हेही सांगायचं. ती कदाचित विचारेल, "काकू, हर्षालीसाठी का?"

त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. तरी सहाला फोन करणार आहे.